अमावस्येचा भोंगा

“आधी वाचायचं, सुधा. चालवायचं नंतर. आणि वाचताना आवडेल तिथे थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं.”

वेणीमाधव सरांचा हा आवाज पंचवीस वर्षं माझ्या कानात आहे. कॉलेज रोडला एका स्टेशनरीच्या दुकानावर त्यांची शिकवणीची खोली होती. घराणं पंचवटीतलं, उपाध्यायांचं. दोघे भाऊ रामकुंडावर यजमानांचे विधी सांगत, आणि हे एकटे आम्हाला पर्ल नावाच्या भाषेत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकवत.

त्या भाषेत एकच गोष्ट दहा तऱ्हांनी लिहिता येते. त्यामुळे दुसऱ्याला मुद्दाम कळू नये असं लिहिण्याचा एक खेळच तिथे चालतो. नावांच्या जागी नुसती चिन्हं, ओळी वाटेल तिथे तोडलेल्या, खरा मजकूर अक्षरं फिरवून पोटात लपवलेला. सरांनाही तो नाद होता. एकदा त्यांनी समईच्या आकाराचा प्रोग्रॅम लिहिला. कागदावर बघितलं तर समई, चालवला तर त्या दिवसाची तिथी. “भिंतीवर पंचांग असताना एवढा खटाटोप कशाला, सर?” असं मी विचारलं, तर म्हणाले, “भिंतीवरचं वडिलांचं आहे. हे माझं.”

पुढे मी त्यांच्याकडेच कामाला लागले. सर जाऊन आता चार वर्षं होतील. मी घरी बसून लहानसहान कामं करते. सकाळी देवापुढे दिवा, पोथीचा एक अध्याय, तो संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, आणि मग बाकीचा दिवस.

माघातली अमावस्या झाली आणि दुसऱ्या दिवशी महेशचा फोन आला.

पिंपळगावच्या रस्त्याला त्याचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, म्हणजे माल छाटून, गार करून पेट्यांत भरायची जागा. वडिलांनी, पुंजाअण्णांनी, बांधलेलं. अण्णा होते तेव्हापासून हंगामाची पहिली पेटी माझ्या देवासमोर येते, आणि दर राखीपौर्णिमेला महेश हात पुढे करतो. त्याच्या कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

“ताई, सरांचा एक प्रोग्रॅम आहे आमच्याकडे. जरा नीट करून द्या. भोंगा वाजतोय.”

“भोंगा वाजायलाच असतो ना रे?”

“तसं नाही. फक्त अमावस्येला वाजतोय.”

मी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं. तोच पुढे म्हणाला, “तुम्हीपण गप्प झालात. इथे तर निम्म्या बाया कामाला यायला तयार नाहीत.”

दोन दिवसांनी मी गेले. फाटकातून आत शिरल्यावर पहिलं काय दिसलं, तर भोंगा. तांबडा, पत्र्याचा, दारावर बसवलेला. त्याला कोणीतरी हळदकुंकू लावलं होतं. खाली लिंबू-मिरची. त्याच्या तारेलाही एक लिंबू बांधलं होतं आणि ती तार जिथे भिंतीत शिरते तिथे फुटलेल्या नारळाचं पाणी वाळून डाग पडला होता.

महेशने ऑफिसात बसवून सगळं सांगितलं. द्राक्षं गार करण्याच्या खोल्यांच्या नळ्यांत अमोनिया वायू फिरतो. तो गळला तर माणसाचे डोळे आणि छाती धरतो. जास्त गळला तर माणूस दारापर्यंतही पोचत नाही. म्हणून प्रत्येक खोलीच्या दाराशी वायू मोजणारी एक डबी आहे. डब्यांची तार एका जुन्या कॉम्प्युटरला, कॉम्प्युटरची तार भोंग्याला. कॉम्प्युटर दर मिनिटाला आकडा वाचतो, पडद्यावर दाखवतो, लिहून ठेवतो. पंचवीसच्या वर गेला की भोंगा. ते सगळं चौदा वर्षांपूर्वी सरांनी बसवून दिलं होतं.

“मग इतकी वर्षं अमावस्येला वाजत नव्हता?”

“इतकी वर्षं अमावस्येला इथे असायचं कोण?”

खरंच होतं. आमच्या जिल्ह्यात अमावस्येला बाजार समितीचे लिलाव बंद, पॅकहाऊस बंद, माणसं घरी. त्या दिवशी फक्त मशीनवाला येऊन यंत्रं बघून जायचा. गेल्या काही वर्षांत समित्यांनी अमावस्येचेही लिलाव सुरू केले, तेव्हा यंदापासून महेशनेही तो बंद मोडला आणि मशीनवाल्याची ती फेरीही थांबली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला भोंगा वाजला. पौषातल्या अमावस्येला वाजला. आता माघात वाजला तेव्हा सत्तर बाया एकदम दाराकडे धावल्या आणि त्यात रूपाली नावाची मुलगी पडली. तिचा हात मोडला.

“दर वेळी दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याला बोलावलं,” महेश म्हणाला. “पडद्यावर तेरा. चौदा. काही नाही. मग म्हटलं, दोष कॉम्प्युटरमध्येच आहे. उघडून बघितलं तर हे.”

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. द्राक्षाचा घड होता. देठ, दोन पानं, खाली निमुळते होत गेलेले मणी. सगळा चिन्हांचा. डॉलर, कंस, टक्के, स्वल्पविराम, मधेच आकडे. एकही शब्द कळेल असा नाही. चार वर्षांनी सरांचं अक्षर बघावं तसं मला झालं.

“पुण्याच्या एका मुलाला दाखवला,” महेश म्हणाला. “तो म्हणाला, काका, फ्रेम करून लावा.”

प्रोग्रॅम आणि चौदा वर्षांच्या नोंदी मी पेनड्राइव्हवर घेतल्या. निघताना शेडमध्ये बाया भाकरी खायला बसल्या होत्या. कुसाबाईने हाक मारली. ती तिथली सगळ्यात जुनी. मणी छाटायची कात्री तिच्या हातात इतकी वर्षं आहे की अंगठ्याला घट्टा पडलाय. रूपाली तिचीच सून. तीन नंबरच्या खोलीच्या दाराशी दोघींचं टेबल.

“ताई, तुमी वाचणार का ते?”

“वाचायचा प्रयत्न करणार.”

“लोकं म्हणत्यात, आवस आत शिरली. म्हणून बोंबलतंय.”

शेजारची बाई म्हणाली, “कुसाबाईची सून पडली ना, म्हणून तिला घोर. नायतर सून पडल्यावर कोन रडतं.”

“गप गं. माझी सून नि ह्यो भोंगा, दोघं वरीसभर गप ऱ्हात्यात. बोलले का समजायचं, कायतरी हाय,” कुसाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ती मात्र हसता हसता पदराने डोळे पुसत होती. हसण्याचं पाणी नव्हतं ते. मार्गशीर्षात मी इथे आले होते तेव्हाही तिने मला डोळे दाखवले होते. लाल, चुरचुरणारे. मी तेव्हा देवाचा अंगारा दिला होता आणि म्हटलं होतं, रोज लाव, उतार पडेल.

“मला कागदावरचं कळत नाय,” ती म्हणाली. “पण तुमी वाचलं का मला सांगा. आवस असंल तर आवस. आमी नाय येणार. नसंल तर येऊ. पर खरं काय ते सांगा.”

“सांगीन,” मी म्हटलं.

“असं नाय. वचन द्या.”

तिच्या तळहातावर भाकरीचं पीठ होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

घरी येऊन घड कागदावर छापून घेतला. सरांची शिस्त अशी, की असा प्रोग्रॅम आधी पडद्यावर नाही, कागदावर वाचायचा. पहिल्या दिवशी मी नुसतं त्याचं रूप मोडलं. ओळी सरळ केल्या, प्रत्येक कंसाची जोडी लावली, पेन्सिलीने खुणा केल्या. पानं आणि देठ निव्वळ सजावट निघाली. कशाशी काही संबंध नसलेली बेरीज-वजाबाकी. मणी मात्र भरलेले होते. आकड्यांची लांबच लांब माळ, आणि माळेच्या शेवटी एकच छोटी आज्ञा. तिचा अर्थ, या आकड्यांची अक्षरं कर आणि जे बनेल ते चालव.

यालाच सर पोटातला प्रोग्रॅम म्हणत. बाहेरचा प्रोग्रॅम काहीच करत नाही, तो फक्त आतला जन्माला घालतो आणि मोकळा सोडतो. न वाचता चालवलं तर आत काय होतं ते कळायच्या आत होऊन गेलेलं असतं. त्यावर सरांनी शिकवलेला उपाय साधा. ‘चालव’ म्हणणारा शब्द पुसायचा आणि तिथे ‘छाप’ म्हणायचं. म्हणजे जे गुपचूप घडणार, ते कागदावर येऊन पडतं.

मी तसं केलं. आतून दुसरा घड निघाला. लहान.

तो सोडवायला दोन दिवस गेले. तिथे अक्षरांची अदलाबदल होती, एकाच्या जागी दुसरं, आणि ती सरकण्याची पायरी दर ओळीला बदलत होती. मी वहीत दोन रांगा मांडून बोट ठेवत अक्षर न् अक्षर फिरवलं. त्याच्या आत तिसरा. सर खेळ म्हणून लिहीत तेव्हा दोनावर थांबत. तीन घड म्हणजे खेळ नव्हता. हे ज्याने लिहिलं त्याला कोणीही आत यायला नको होतं. हे मला तेव्हा जाणवलं, पण मी तो विचार बाजूला सारला. माणूस माझ्या गुरुस्थानी होता.

सहाव्या दिवशी तिसऱ्या घडातून साध्या ओळी निघाल्या. जेमतेम वीस. आणि त्यांच्या मधोमध एक आकडा, पंचवीस लाख एक्कावन्न हजार चारशे त्रेचाळीस.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे असतात. भागून बघितलं. एकोणतीस दिवस आणि वर अर्धा. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत.

आजची वेळ घ्यायची, फार जुनी एक अमावस्या वजा करायची, उरलं त्याला या आकड्याने भागायचं. बाकी शून्याच्या आसपास आली की आज अमावस्या. त्या घटकेच्या आधी बारा तास, नंतर बारा तास. तीच समई होती. सरांनी पुंजाअण्णांच्या भोंग्यात आपलं पंचांग घालून ठेवलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की उठून देवापुढे साखर ठेवली. आवस नाही, भूत नाही, एका भाविक माणसाची हौस. बंद असलेल्या दिवशी भोंगा एकदा वाजवून तपासायचा असेल, म्हणून ही सोय.

महेशला फोन केला.

“अरे, काही नाही. सरांनी अमावस्या मोजणारी एक ओळ घातलीय. त्यामुळे त्या दिवशी भोंगा मोकळा होतो.”

“मग काढून टाका ना ती ओळ.”

“काढते. उद्या देते.”

“ताई, जीव भांड्यात पडला. फाल्गुनातल्या अमावस्येला चार कंटेनर भरायचेत.”

दुसरा दिवस फाल्गुन शुद्ध दशमीचा. सकाळी पोथी घेऊन बसले. तो अध्याय लांब आहे आणि त्याच्या मधेच एक फार गोड प्रसंग येतो. तिथे दर वेळी डोळे भरतात आणि थांबावंसं वाटतं. पण अध्याय अर्धा टाकायचा नाही असा नेम आहे. मी बोट पुढे सरकवलं आणि सरांचा आवाज आला. आवडेल तिथे थांबायचं नाही, सुधा.

अध्याय संपवला, पोथी बांधली आणि त्या वीस ओळी पुन्हा समोर घेतल्या. मी अमावस्येपाशी थांबले होते. अमावस्या असेल तर काय, एवढंच वाचलं होतं. नसेल तर काय, ते वाचलंच नव्हतं.

अमावस्या असेल तर, डबीतून आलेला आकडा जसाच्या तसा पुढे द्यायचा. नसेल तर बघायचं, आकडा पंचवीसच्या वर आहे का. नसेल तर तोही जसाच्या तसा द्यायचा. असेल तर तो फेकून द्यायचा आणि त्याच्या जागी दुसरा ठेवायचा. त्या क्षणाच्या सेकंदांना सातने भागायचं, जी बाकी येईल तिच्यात अकरा मिळवायचे.

अकरा ते सतरा.

पडद्यावर आकडा हलता दिसावा, मेलेला दिसू नये, एवढी काळजी घेतली होती. कधी बारा, कधी सोळा. बघणाऱ्याला वाटावं, श्वास चालू आहे.

भोंगा अमावस्येला चुकून वाजत नव्हता. वर्षातले तेवढेच बारा-तेरा दिवस तो खरं बोलत होता. आणि ती ओळ काढून देते असं मी कबूल करून बसले होते. काढली असती तर तो पुन्हा कधीच वाजला नसता.

पाणी प्यायला उठले आणि न पिताच परत येऊन नोंदी उघडल्या. तीन नंबरची खोली. चौदा वर्षं मागे गेले. जुन्या नोंदींत सगळे आकडे होते. चार, सहा, नऊ, बावीस. मधेच कधी अकरा ते सतराची रांग, आठ-दहा दिवसांची. मग अमावस्या आली की एकदम एकतीस. आणि दुसऱ्या दिवशी पाच. म्हणजे बंदच्या दिवशी मशीनवाला यायचा, भोंगा ऐकायचा, गळकी जागा आवळायचा. पुंजाअण्णांना हंगामात काम थांबायला नको होतं आणि सरांना निदान महिन्यातून एकदा तरी खरं कळायला हवं होतं. दोघांच्या मध्ये अमावस्या ठेवली होती.

मग मी यंदाच्या नोंदी वाचल्या. मार्गशीर्ष लागल्यापासून तीन नंबरच्या खोलीत अकराच्या खाली किंवा सतराच्या वर एकही आकडा नव्हता. एकही दिवस नाही, एकही तास नाही. फक्त तीन ठिकाणी रांग तुटलेली. मार्गशीर्षातली अमावस्या, एकोणतीस. पौषातली, चौतीस. माघातली, सेहेचाळीस.

मधल्या दिवसांचे आकडे फेकून दिलेले. आजचा किती, हे त्या कॉम्प्युटरशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि आज दशमी.

कुसाबाईचे लाल डोळे माझ्यासमोर आले. मार्गशीर्षापासून. आणि माझा अंगारा.

त्याच दुपारी महेशला पुन्हा फोन केला. हळू बोलायची मला सवय आहे, तरी त्या दिवशी आवाज फारच खाली गेला असावा. तो दोनदा म्हणाला, “ताई, ऐकू येत नाही.”

“भोंगा अमावस्येला खोटा वाजत नाही, महेश. तो बाकीचे दिवस गप्प बसतो. त्याला तसं शिकवलंय.”

“कोणी?”

“लिहिलं सरांनी. लिहून घेतलं अण्णांनी.”

पलीकडे क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. कोणीतरी मोठ्याने गाडीचा नंबर सांगत होतं. तो चालत बाहेर गेला असावा, आवाज मागे पडले.

“अण्णांना यात आणू नका.”

“मी आणलं नाही. तीन नंबरची खोली गळतेय. मार्गशीर्षापासून.”

“किती?”

“माघात सेहेचाळीस होता. आता माहीत नाही.”

“सेहेचाळीसने माणूस मरत नाही. मी विचारलंय मशीनवाल्याला.”

म्हणजे त्याने विचारलं होतं. “कधी विचारलंस?”

तो म्हणाला, “तिथला वास बायांना सवयीचा झालाय. त्यांची काही तक्रार नाही.”

“सवयीचा झाला की नाक सांगेनासं होतं, महेश. महिन्याला वाढतोय तो. उद्या सांधा सुटला तर भोंगा काय दाखवेल? तेरा.”

“ताई, ऐका. मशीन थांबवलं तर आतला माल दोन दिवसांत मऊ पडतो. तीन-चार आठवडे राहिलेत हंगामाचे. एप्रिल लागला की सगळ्या नळ्या खोलून बघतो, नव्या टाकतो. मी वचन देतो तुम्हाला.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत इतकी वर्षं चाललं तसं. तुम्ही फक्त अमावस्येच्या आत ती ओळ काढून द्या. पेनड्राइव्ह न्यायला मी ड्रायव्हर पाठवतो, इकडे यायची तसदी घेऊ नका.” मग तो मऊ आवाजात म्हणाला, “आणि सरांचाही विचार करा. गेलेला माणूस. उपाध्यायांच्या घरातला. लोक काय म्हणतील, की सत्तर बायांच्या डोक्यावर याने खोटं लिहून ठेवलं? तुम्ही त्यांच्या फोटोला हार घालता.”

फोटो समोरच होता. भिंतीवर, देवघराच्या शेजारी.

मला एक गोष्ट आठवली. सर शेवटची दहा वर्षं अमावस्येला जेवत नसत. पाणीसुद्धा सूर्यास्तानंतर. आम्ही ऑफिसात डबे उघडायचो आणि ते खिडकीशी उभे राहायचे. वडिलांसाठी, पितरांसाठी करत असतील असं मी धरून चालले होते. एकदा विचारलंही होतं, “सर, हा नेम कोणी दिला?” ते म्हणाले होते, “दिला नाही कोणी. लागला.” मी त्यावर मान डोलावली होती, मोठं काही कळल्यासारखी.

ज्या दिवशी भोंगा खरं बोलायचा, त्या दिवशी सर उपाशी असायचे.

मी संध्याकाळभर तिथेच बसले. फोटोवरचा हार सुकला होता, तो काढला. नवा घातला नाही. मग कागद घेऊन एक सरळ प्रोग्रॅम लिहिला. बारा ओळी. डबीचा आकडा वाच, दाखव, लिही, पंचवीसच्या वर गेला तर भोंगा वाजव. प्रत्येक गोष्टीला तिचं नाव. त्यात चंद्र कुठेच नव्हता. आणि वहीच्या एका पानावर मराठीत लिहिलं, जुन्या प्रोग्रॅममध्ये काय होतं ते, ओळीने. तीन अमावस्यांचे आकडे लिहिले. कोणी लिहिला, तेही लिहिलं. तिथे पेन अडलं, पण लिहिलं. त्याचीच एक प्रत कारखान्यांच्या तपासणी कचेरीसाठी पाकिटात घातली.

आज एकादशी. सकाळी दिवा लावला, अध्याय वाचला, शेवटपर्यंत. मौन सुटायच्या आतच फोन दोनदा वाजून गेला. महेशचं नाव दिसत होतं. बाहेर रस्त्यावर त्याची पांढरी गाडी येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हर जिना चढून दाराशी आला.

“ताई, पेनड्राइव्ह द्यायला सांगितलंय साहेबांनी.”

“तयार नाही,” मी म्हटलं.

“मग थांबू?”

“नको. चहा घेणार का?”

“नको ताई. गाडी भरायचीय. तीन नंबर आज सगळी भरली, बाया सातपासून आल्यात.” त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, सहज, रोजच्यासारखे, आणि गेला.

भाकरीची सुट्टी एक वाजता होते. द्वारका चौकातून पिंपळगावची जीप मिळाली तर मी साडेबारापर्यंत पोचते. बाया सुट्टीला शेडमध्ये येतात, दारापासून लांब, सगळ्या एकत्र. वही पिशवीत घातली, पाकीट घातलं, बारा ओळींचा तो कागद आणि त्याचा पेनड्राइव्ह घातला. चष्मा पुसून डबीत ठेवला. देवाजवळचा अंगारा दिसला. तो तिथेच राहू दिला.

कुसाबाईला कागदावरचं कळत नाही. तिला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जिन्यात उभं राहून मी पहिली ओळ एकदा हलक्या आवाजात म्हणून बघितली. मग पुन्हा, जरा मोठ्याने. दाराला कुलूप लावलं आणि खाली उतरले.